पुरलेला धूर आणि सरकारी तिजोरी

माणूस पैसे मोजतो ते काहीतरी पदरात पडावे म्हणून. कारखान्याच्या धुराड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड पकडायचा, दाबून दाट करायचा आणि जमिनीखाली खोल पुरून टाकायचा, या उद्योगात मात्र सगळा खर्च केल्यावर करणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही. फायदा झालाच तर तो साऱ्या जगाच्या हवेला होतो, आणि हवेच्या नावाने बिल फाडता येत नाही. त्यामुळे या तंत्राचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास बराचसा सरकारी पैशाचा इतिहास आहे. कोणत्या सरकारने किती दिले, कशासाठी दिले आणि त्यातून मागे काय उरले, हे पाहण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

मी भूगर्भशास्त्रज्ञ नाही आणि अभियंताही नाही. वाणिज्य शाखेची पदवी आणि हिशेब तपासण्याच्या नोकरीतली वर्षे, एवढी माझी शिदोरी. बाकीचे जे काही शिकलो ते वाचून. पण हिशेबतपासनीसाला एक सवय लागलेली असते. घोषणा वाचून झाली की तो खर्चाचे पान उलटतो. या विषयात ती सवय उपयोगी पडली, कारण अमेरिका आणि ब्रिटन या देशांच्या लेखापरीक्षकांनी यावर सविस्तर अहवाल लिहिले आहेत आणि ते कोणालाही फुकट वाचता येतात. ते वाचताना मला सारखा आपल्या पायाखालचा काळा पाषाण आठवत राहिला. का, ते पुढे येईलच.

काय करायचे असते

या तंत्राला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सीसीएस’ म्हणतात. त्याचे तीन टप्पे आहेत : पकडणे, वाहून नेणे, साठवणे.

पकडण्याची सर्वांत रुळलेली रीत बरीच जुनी आहे. अमाइन नावाच्या रसायनाचे द्रावण कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि तापवले की सोडून देते. या युक्तीचे अमेरिकी पेटंट १९३० सालचे आहे. नैसर्गिक वायू शुद्ध करायला ती दशकानुदशके वापरली जाते. अडचण धुराची आहे. कोळशाच्या वीजकेंद्राच्या धुरात कार्बन डायऑक्साइड सातवा-आठवा हिस्साच असतो, बाकी बहुतेक नायट्रोजन. एवढ्या विरळ वायूला गाठायचे, मग द्रावण तापवून सोडवायचे आणि शेवटी दाबायचे, यात केंद्राच्या स्वतःच्या विजेचा पाचवा ते चौथा भाग, कधी त्याहून जास्त, खर्ची पडतो. म्हणजे तेवढीच वीज विकायची तर कोळसा जास्त जाळावा लागतो.

उलट काही कारखान्यांत हा वायू जवळजवळ शुद्ध स्वरूपात बाहेर पडतो. मळी किंवा मका आंबवून इथेनॉल काढताना निघणारा वायू असाच असतो. तिथे पकडण्याचा खर्च नाममात्र. हा फरक लक्षात ठेवावा. सरकारी पैसा कुठे सत्कारणी लागला आणि कुठे बुडाला, याचे निम्मे उत्तर त्यात आहे.

साठवण्यासाठी साधारण ८०० मीटरहून अधिक खोली लागते. तेवढ्या खोलीवरच्या दाबाखाली वायू द्रवासारखा दाट होतो आणि थोड्या जागेत मावतो. वाळूच्या खडकातल्या बारीक छिद्रांत तो भरायचा आणि वर अभेद्य चिकणखडकाचे झाकण असेल अशी जागा निवडायची. जागा चांगली आहे की नाही हे विहीर खणल्याशिवाय कळत नाही. खणलेली विहीर निरुपयोगी ठरली तर तो खर्च कोणी भरून देत नाही.

१९९१ चा कर

सुरुवात नॉर्वेपासून करतो, कारण तिथे सरकारने आधी पैसा दिला नाही, आधी कर लावला. समुद्रातल्या तेल-वायू उत्पादनातून हवेत सोडल्या जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर १९९१ मध्ये कर बसला. उत्तर समुद्रात स्लाइप्नर नावाचे वायुक्षेत्र आहे. तिथल्या नैसर्गिक वायूत सुमारे ९ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो आणि ग्राहकाला अडीच टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे तो वेगळा करणे कंपनीला भागच होते. प्रश्न एवढाच होता, की वेगळा केलेला वायू हवेत सोडायचा की पुरायचा. हवेत सोडला तर टनामागे सुमारे ५० डॉलर कर. कंपनीने गणित मांडले आणि १९९६ पासून तो समुद्रतळाखाली सुमारे एक किलोमीटरवर असलेल्या उत्सिरा नावाच्या वाळूच्या खडकात सोडायला सुरुवात केली. वर्षाला जवळपास दहा लाख टन.

इथे संशोधनाचा पैसा नंतर आला. युरोपीय संघाच्या मदतीने शास्त्रज्ञांनी त्या खडकाची ध्वनिलहरींनी वारंवार छायाचित्रे काढली. वायू सोडण्यापूर्वीची प्रतिमा १९९४ ची, नंतरची पहिली १९९९ ची. त्यात दिसले, की वायू नऊ थरांत पसरला आहे आणि वाळूमधले चिकणमातीचे पातळ पापुद्रे ओलांडून तीनच वर्षांत खडकाच्या माथ्याशी, मुख्य झाकणाखाली, पोचला आहे. झाकणाने त्याला तिथेच धरून ठेवले. पापुद्रे इतक्या सहज ओलांडले जातील अशी अपेक्षा नव्हती. ही माहिती पुढे जगभरच्या संशोधकांसाठी खुली झाली. आज पृथ्वीवर कुठेही वायू पुरण्याचा आराखडा करणारा माणूस आपले संगणकी प्रारूप स्लाइप्नरच्या आकड्यांवर घासून पाहतो.

पुढे मात्र नॉर्वेच्या सरकारलाही भव्यतेचा मोह झाला. पंतप्रधान येन्स स्टोल्टेनबर्ग यांनी २००७ च्या नववर्ष भाषणात मोंगस्टाड येथील प्रकल्पाला देशाची चंद्रावरची स्वारी म्हटले. २०१३ मध्ये पूर्ण आकाराचा तो प्रकल्प खर्च आणि जोखीम पाहून सोडून देण्यात आला. मागे उरले ते २०१२ मध्ये सुरू झालेले चाचणी-केंद्र. तिथे वेगवेगळ्या कंपन्या आपापली द्रावणे आणून खऱ्या धुरावर तपासतात, आणि ते अजून चालू आहे. चंद्र राहिला दूर, प्रयोगशाळा तेवढी कामाला आली.

अमेरिकेचा ‘फ्यूचरजेन’

आता अमेरिका. फेब्रुवारी २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या सरकारने ‘फ्यूचरजेन’ या प्रकल्पाची घोषणा केली. २७५ मेगावॅटचे कोळशाचे वीजकेंद्र, त्यातला कार्बन पकडून जमिनीत पुरायचा, खर्च अंदाजे १ अब्ज डॉलर, बराचसा सरकारचा. भारताचाही या गोष्टीशी थेट संबंध आला. एप्रिल २००६ मध्ये १ कोटी डॉलरचे योगदान देण्याचे मान्य करून या प्रकल्पाच्या शासकीय समितीत सामील होणारा भारत हा पहिला परदेश ठरला.

डिसेंबर २००७ मध्ये इलिनॉय राज्यातले मॅटून हे गाव निवडले गेले. जानेवारी २००८ मध्ये, म्हणजे महिनाभराने, ऊर्जा विभागाने खर्च जवळपास दुप्पट होऊन १.८ अब्ज डॉलरवर गेल्याचे सांगून हात काढून घेतला. यावर लेखापरीक्षा झाली. अमेरिकी संसदेसाठी हिशेब तपासणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने २००९ मध्ये दाखवून दिले, की विभागाने जुना ९५ कोटींचा अंदाज २००४ च्या स्थिर किमतींत घेतला होता आणि नवा अंदाज पुढच्या अनेक वर्षांची महागाई मिळवून. दोन्ही आकडे एका मापाने मोजले तर वाढ ३९ टक्के होती, सुमारे १.३ अब्जांपर्यंत. मी हिशेबाच्या धंद्यातला असल्याने हा परिच्छेद दोनदा वाचला. आमच्याकडे नवख्या कारकुनालाही पहिल्या वर्षी शिकवतात, की चालू भाव आणि स्थिर भाव एका स्तंभात मांडू नयेत.

२०१० मध्ये नव्या सरकारने प्रकल्पाला पुन्हा जीव दिला. या वेळी जागा मेरेडोसिया, तंत्र वेगळे, पैसा मंदीतून सावरण्यासाठी २००९ मध्ये केलेल्या कायद्यातला, १ अब्ज डॉलर. पण त्या कायद्याची अट अशी, की निधी ३० सप्टेंबर २०१५ पर्यंत खर्चून संपला पाहिजे. रोजगार लवकर निर्माण व्हावा हा त्या अटीमागचा हेतू. खडकाला मात्र ही तारीख माहीत नव्हती. जागेची तपासणी, जमीनमालकांशी करार, न्यायालयातले दावे यांत वर्षे गेली. वायू पुरण्याच्या विहिरींचे परवाने २०१४ मध्ये मिळाले आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये उरलेल्या मुदतीत काम होणार नाही म्हणून निधी थांबला. बारा वर्षांत एक टनही वायू जमिनीत गेला नाही.

एका अहवालातले आकडे

त्याच लेखापरीक्षा संस्थेने डिसेंबर २०२१ मध्ये आणखी एक अहवाल दिला. २००९ पासून ऊर्जा विभागाने ११ प्रात्यक्षिक प्रकल्पांवर सुमारे १.१ अब्ज डॉलर खर्च केले. त्यातले ८ कोळशाचे, ३ इतर उद्योगांचे. कोळशाच्या आठांवर ६८.४ कोटी डॉलर गेले आणि त्यांतला एकच उभा राहिला. उद्योगांच्या तीनांवर ४३.८ कोटी गेले आणि दोन उभे राहिले. कधीही न बांधलेल्या चार प्रकल्पांच्या निव्वळ आखणी-आराखड्यावर ४७.२ कोटी डॉलर गेले होते, ठरल्यापेक्षा जवळपास ३० कोटी जास्त. अहवाल म्हणतो, की प्रकल्प टप्प्याटप्प्याची उद्दिष्टे गाठत नसतानाही वरिष्ठांच्या सांगण्यावरून त्यांना पुढचा पैसा मिळत राहिला.

कोळशातला जो एक उभा राहिला तो टेक्सासमधला ‘पेट्रा नोव्हा’. एकूण खर्च सुमारे १ अब्ज डॉलर, त्यात सरकारचे १९ कोटी. जानेवारी २०१७ पासून वर्षाला १४ लाख टन वायू पकडण्याची क्षमता. हा वायू नळाने जुन्या तेलक्षेत्राकडे नेऊन जमिनीत ढकलला जाई आणि त्याच्या रेट्याने उरलेसुरले तेल वर येई. तेल विकून खर्च निघत होता. २०२० मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि मे महिन्यात प्रकल्प बंद पडला. २०२३ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. यंत्र बिघडले म्हणून तो बंद पडला नव्हता. वायू पुरण्याची किंमत तेलाच्या भावावर टांगलेली होती, भाव पडला तशी तीही पडली. आणि असे काढलेले तेल जाळल्यावर निघणारा कार्बन कोणाच्या खाती लिहायचा, हा प्रश्न टीकाकार विचारतात तो योग्यच आहे.

उद्योगांतले जे दोन उभे राहिले, त्यांतला एक इलिनॉयमधल्या डेकेटर गावचा, मक्यापासून इथेनॉल बनवणाऱ्या कारखान्याचा. तिथला वायू जवळजवळ शुद्ध, त्यामुळे पकडण्याची कटकट नाही. त्याची पायाभरणी मात्र आधी झाली होती. सरकारने २००३ मध्ये देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या खडकांचा अभ्यास करण्यासाठी सात प्रादेशिक भागीदारी गट उभे केले होते. विद्यापीठे, राज्यांची भूगर्भ सर्वेक्षण खाती, कंपन्या असे सगळे त्यांत होते. त्यातूनच २०११ ते २०१४ या तीन वर्षांत डेकेटरला सुमारे २,१०० मीटर खोलवर दहा लाख टन वायू पुरण्याची चाचणी झाली. म्हणजे आधी खडक समजून घेतला, मग मोठा प्रकल्प आला. २०२४ मध्ये तिथल्या एका निरीक्षण-विहिरीची नळी गंजून वायू ठरलेल्या थराबाहेर गेल्याचे उघड झाले आणि कारखान्याला काम थांबवावे लागले. हेही ज्ञानच आहे. ओल्या कार्बन डायऑक्साइडपुढे कोणते पोलाद टिकत नाही, हे आता साऱ्या जगाला ठाऊक झाले.

ब्रिटनच्या दोन स्पर्धा

ब्रिटनने वेगळा मार्ग घेतला. २००७ मध्ये कंपन्यांची स्पर्धा जाहीर केली. पुढे तिच्या विजेत्यासाठी १ अब्ज पौंडांची रक्कम ठरली. शेवटी स्कॉटलंडमधले लाँगॅनेट वीजकेंद्र तेवढे उरले, आणि त्या रकमेत काम बसत नाही म्हणून ऑक्टोबर २०११ मध्ये तेही बाद. २०१२ मध्ये दुसरी स्पर्धा, पुन्हा १ अब्ज पौंड. दोन उमेदवार शेवटच्या टप्प्यात असताना २५ नोव्हेंबर २०१५ रोजी, अर्थसंकल्पी आढाव्याच्या दिवशी, तो निधी काढून घेतल्याचे जाहीर झाले. दोन्ही स्पर्धांवर मिळून सरकारचे सुमारे १६.८ कोटी पौंड खर्च झाले. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षा कार्यालयाने २०१७ च्या अहवालात मूळ दुखण्यावर बोट ठेवले : ऊर्जा खाते आणि अर्थ खाते यांच्यात दीर्घकाळ किती पैसा द्यायचा यावर सुरुवातीपासून एकमत नव्हते.

तरीही एक गोष्ट त्यांनी चांगली केली. सरकारी पैसा घेणाऱ्या कंपन्यांनी केलेले तांत्रिक आराखडे, खर्चाचे तक्ते, जोखमीच्या याद्या प्रसिद्ध करण्याची अट करारात होती. त्यामुळे न बांधलेल्या प्रकल्पांची हजारो पाने आज वाचायला मिळतात. प्रकल्प मेले, पण दप्तर शिल्लक राहिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्रिटनने पुन्हा पंचवीस वर्षांत २१.७ अब्ज पौंडांपर्यंत देण्याची घोषणा केली, तेव्हा ते दप्तर हाताशी होते.

पैशाचे तीन प्रकार

हे सगळे एकत्र ठेवले की सरकारी पैशाचे तीन वेगवेगळे प्रकार दिसतात. घोषणांमध्ये ते एकाच आकड्यात मिसळलेले असतात.

पहिला प्रकार संशोधनाचा : द्रावणे, खडक, विहिरी, मोजमाप. रक्कम लहान, निष्फळ ठरण्याचा संभव मोठा, पण जे कळते ते सर्वांचे होते. कोणतीही खासगी कंपनी शेजाऱ्याला उपयोगी पडणारी विहीर आपल्या खर्चाने खणत नाही, म्हणून इथे सरकार लागतेच.

दुसरा प्रकार प्रात्यक्षिकाचा : पूर्ण आकाराचा पहिला प्रकल्प. रक्कम प्रचंड. फ्यूचरजेन, मोंगस्टाड आणि ब्रिटनच्या स्पर्धा इथे बुडाल्या.

तिसरा प्रकार रोजच्या चालवण्याचा. अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने एक टन वायू कायमचा पुरल्यास ८५ डॉलरची करसवलत ठरली. नॉर्वेचा कर याच कामाचा, फक्त उलट्या दिशेने. सवलत देणारा तिजोरी रिकामी करतो, कर लावणारा भरतो.

माझा निष्कर्ष साधा आहे. तिसरा प्रकार ठरलेला नसताना दुसऱ्यावर उधळलेला पैसा बहुतेक ठिकाणी बुडाला, कारण प्रकल्प बांधून झाल्यावर तो चालवायचा कोणी आणि का, याला उत्तर नव्हते. आणि पहिल्या प्रकारात घातलेला पैसा प्रकल्प बुडाल्यावरही वाया गेला नाही. नॉर्वे ते शिकला. आज ब्रेव्हिक येथील सिमेंट कारखान्यातून वर्षाला चार लाख टन वायू पकडण्याची सोय झाली आहे. जून २०२५ मध्ये ती सुरू झाली, ऑगस्टमध्ये पहिला वायू समुद्रतळाखाली सुमारे २,६०० मीटरवर गेला. सरकारने या योजनेचा सुमारे दोन-तृतीयांश खर्च उचलला. या वेळी कर होता, तीस वर्षांचे खडकांचे ज्ञान होते, आणि निवडलेला उद्योग सिमेंटचा होता. सिमेंटच्या कार्बनपैकी साठेक टक्के चुनखडी भाजताना दगडातूनच येतो. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो सुटत नाही. कोळशाच्या विजेला सूर्य आणि वारा हे पर्याय आहेत, चुनखडीला तसा सोपा पर्याय नाही.

उलट अमेरिकेत मे २०२५ मध्ये ऊर्जा विभागाने ३.७ अब्ज डॉलरची २४ अनुदाने एका झटक्यात रद्द केली. त्यांत कार्बन पकडण्याचे अनेक प्रकल्प होते. सरकार बदलले की पैसा बदलतो. जमिनीत पुरलेला वायू मात्र शतकानुशतके राखावा लागतो.

आपला काळा पाषाण

आता आपल्याकडे येऊ. सह्याद्रीपासून विदर्भापर्यंत पसरलेला बेसाल्ट, म्हणजे दख्खनचा लाव्हा, सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा खडक कार्बन साठवणीच्या दृष्टीने वेगळ्या जातीचा आहे. वाळूच्या खडकात वायू वायूच राहतो आणि झाकणावर भरवसा ठेवावा लागतो. बेसाल्टमध्ये पाणी आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र आले की सौम्य आम्ल होते. ते खडकातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह विरघळवते, आणि त्यांच्याशी मिळून कार्बनचा दगडच बनतो. विहीर खणताना किंवा खाणीत फोडलेल्या काळ्या दगडाच्या पोकळीत पांढरे, चमकदार कॅल्साइटचे स्फटिक आपण पाहिलेले असतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्यांचे देखणे नमुने आहेत. निसर्गाने सावकाश केलेली कार्बन साठवणच ती.

हे मुद्दाम घडवता येते का, याच्या दोन चाचण्या जगात झाल्या. आइसलंडमध्ये ‘कार्बफिक्स’ने २०१२ मध्ये वायू पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडला. ९५ टक्क्यांहून अधिक वायू दोन वर्षांच्या आत दगड झाला, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसरी चाचणी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या वलूला येथे झाली, तीही ऊर्जा विभागाच्या त्याच प्रादेशिक भागीदारी कार्यक्रमातून. २०१३ मध्ये ९७७ टन दाट वायू, पाण्याशिवाय, ८०० मीटरहून खोल सोडला. दोन वर्षांनी काढलेल्या नमुन्यांत नवी कार्बोनेट खनिजे मिळाली. नंतरच्या अभ्यासात सुमारे ६० टक्के वायू तोवर दगड झाला असावा असा अंदाज निघाला. फ्यूचरजेनच्या मानाने हा खर्च अगदी किरकोळ होता, आणि आपल्याला त्यातूनच सर्वांत जास्त शिकण्यासारखे आहे.

नीती आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात भारतातल्या बेसाल्टची सैद्धांतिक क्षमता ९७ ते ३१६ अब्ज टन दिली आहे. खालच्या आणि वरच्या आकड्यात तिपटीहून अधिक अंतर आहे. हिशेबाच्या वहीत असे अंतर असेल तर त्याचा अर्थ एकच : माल अजून मोजलेला नाही. मोजायचा तर विहिरी खणाव्या लागतात.

खोल विहिरीचा अनुभव आपल्याकडे आहे. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराडला प्रयोगशाळा उभारली आणि २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल विहीर पूर्ण केली. तिथे बेसाल्टची जाडी सुमारे सव्वा किलोमीटर भरली, त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा कठीण खडक. हे ज्ञान आपल्या करातून आले आहे आणि या कामात थेट उपयोगी आहे. त्याचबरोबर तो इशाराही आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप धरणातल्या पाण्याच्या भाराशी जोडला जातो. जमिनीखाली दाब वाढवला तर भेगा हलू शकतात, हे सातारा-चिपळूणच्या माणसाला कोणी समजावून सांगायला नको. म्हणून बेसाल्टमधली कोणतीही चाचणी कोयनेपासून दूर, लहान आकाराची आणि भूकंपमापकांच्या पहाऱ्यात व्हायला हवी. पाण्याचा प्रश्नही आहे. आइसलंडच्या रीतीने एक टन वायूसाठी सुमारे पंचवीस टन पाणी लागते. मराठवाड्यात हा शब्द काढण्याचीही सोय नाही. वलूलाची पाण्याविनाची रीत म्हणूनच आपल्याला जास्त महत्त्वाची.

वायू कुठून आणायचा? इथे डेकेटरचा मका आणि आपला ऊस यांची गाठ पडते. एक लिटर इथेनॉलमागे सुमारे पाऊण किलो जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड निघतो. काही कारखाने तो शीतपेये आणि कोरड्या बर्फासाठी विकतात, बाकीचा हवेत जातो. नगर, सोलापूर, कोल्हापूरचे साखर कारखाने याच काळ्या खडकावर उभे आहेत. हजार टनांच्या चाचणीसाठी कोळशाच्या धुराशी झगडण्याची गरज नाही.

सरकारी पातळीवर आपण काय केले? विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २०२२ मध्ये मुंबईची आयआयटी आणि बंगळुरूचे जवाहरलाल नेहरू केंद्र येथे कार्बन पकडण्याच्या आणि वापरण्याच्या अभ्यासाची राष्ट्रीय केंद्रे दिली. त्याच वर्षी एनटीपीसीने विंध्याचल येथे रोज २० टन वायू पकडण्याचा संच सुरू केला. २०२५ मध्ये सिमेंट उद्योगात पाच चाचणी-केंद्रे जाहीर झाली. ही सुरुवात चांगली आहे. पण तिचा झोक पकडण्याकडे आणि वापरण्याकडे आहे. मेथॅनॉल किंवा युरिया केला तर कार्बन काही काळाने हवेतच परततो. कायमचा हिशेब मिटतो तो जमिनीखाली, आणि तिथे आपली वही जवळजवळ कोरी आहे.

आणि किंमत? आपण २०१० मध्ये कोळशावर टनाला ५० रुपये उपकर लावला. २०१६ पर्यंत तो ४०० झाला. एक टन भारतीय कोळशातून साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो असे धरले तर टन वायूमागे सुमारे २६५ रुपये. अमेरिकेची ८५ डॉलरची सवलत रुपयांत सात हजारांवर जाते. आपली रक्कम लहान होती, पण दिशा नॉर्वेची होती. हा उपकर स्वच्छ ऊर्जा निधीसाठी सुरू झाला, २०१७ मध्ये जीएसटीच्या भरपाईकडे वळला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो जाऊन त्या जागी कोळशाच्या किमतीवर १८ टक्के कर आला. किमतीवरचा कर कार्बन मोजत नाही. स्वस्त, राखेने भरलेल्या कोळशावर तो उलट कमीच बसतो. कार्बन पतव्यवहाराची योजना २०२३ मध्ये अधिसूचित झाली आहे. तिच्यातून टनाला काय भाव निघतो, यावर पुढचे सगळे अवलंबून राहील.

घोषणा वाचताना

आपल्याकडेही या क्षेत्रासाठी मोठ्या रकमेची घोषणा होते. तेव्हा वर्तमानपत्रात आकड्याखाली चार गोष्टी शोधाव्यात असे मला वाटते.

पहिली, त्यातला किती पैसा खडक समजून घेण्यासाठी आहे आणि किती यंत्र उभारण्यासाठी. दुसरी, यंत्र बांधून झाल्यावर ते चालवण्याचा खर्च कोणत्या कराने किंवा भावाने निघणार. तिसरी, प्रकल्प फसला तर त्याचे आराखडे, विहिरींच्या नोंदी, खर्चाचे तक्ते जनतेला वाचायला मिळणार का. चौथी, पैसा खर्च करण्याची मुदत खडकाच्या गतीने ठरली आहे की आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चने.

दख्खनच्या पठारावर पाच-सहा ठिकाणी हजार-दीड हजार मीटरच्या विहिरी, त्यांतल्या एकीत वलूलाएवढी हजार टनांची चाचणी, आणि सगळ्या नोंदी पहिल्या दिवसापासून खुल्या. फ्यूचरजेनला आपण जे १ कोटी डॉलर देऊ केले होते, त्या जातीच्या रकमांमध्येच हे काम बसणारे आहे. त्यातून कदाचित असेही कळेल, की आपल्या बेसाल्टचे थर पुरेसे सच्छिद्र नाहीत आणि हा मार्ग आपल्यासाठी नाही. तेही उत्तर घेण्यासारखे आहे, कारण मग सिमेंटचा कार्बन कुठे न्यायचा याची आखणी आत्ताच समुद्रतळाकडे वळवता येईल, आणि न बांधलेल्या प्रकल्पांच्या आराखड्यांवर जाणारे शेकडो कोटी वाचतील.